मी वाटलेली स्पॅनिश नावं

मी स्पॅनिश शिकवते असं सांगितलं, की सिंगापूरमधली मराठी माणसं आधी माझ्या नवऱ्याकडे बघतात. बाई खरं बोलतेय ना, याची खातरजमा. सुधीर बिचारा मान हलवतो, आणि मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "पण इथे कोण बोलतं हो स्पॅनिश?" आता निवृत्त झाल्यावर तरी या प्रश्नाचं सविस्तर उत्तर द्यावं म्हणून हा लेख. या अंकाच्या संपादकांनी 'करिअरचा प्रवास' लिहा असं सुचवलं होतं. प्रवास वगैरे काही नाही हो. क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमधून खाली उतरायचं, बस पकडायची आणि धडधाकट इंजिनियरांना क्रियापदं चालवायला लावायची, एवढाच तो प्रवास.

तर उत्तर असं, की इथे स्पॅनिश कुणी बोलत नाही, पण जुरोंग आयलंडवरच्या एखाद्या केमिकल कंपनीचा धाकटा प्लांट मेक्सिकोत किंवा कोलंबियात असतो. इथली माणसं तिथे वर्ष-दोन वर्षं जातात, तिथली इथे शिकायला येतात. जाणाऱ्यांना निघण्याआधी तीस तास माझ्या हवाली करायचे. येणाऱ्यांच्या बरोबर मी दुभाषी म्हणून फिरायचं. आमची ही पुण्यात हौसेनं शिकलेली भाषा अशी पोटापाण्याला लागली.

दुभाष्याच्या कामाचा पहिला नियम लोकांना फार विचित्र वाटतो. समोरचा 'मी' म्हणाला, की आपणही 'मी' म्हणायचं. 'तो म्हणतोय की' असलं शेपूट जोडायचं नाही. नियम उत्तम आहे, पण एकदा एका मेक्सिकन फिटरला घेऊन मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले आणि गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, "डॉक्टर, दाढी केली की माझ्या हनुवटीवर पुरळ येतं." डॉक्टर तरुण होते. त्यांनी आधी माझ्या हनुवटीकडे पाहिलं आणि मग अतिशय सभ्यपणे भिंतीवरच्या तक्त्याकडे. ही गोष्ट सुधीर अजून दर पाहुण्याला सांगतो.

दुसरा नियम म्हणजे स्वतःचं मत सांगायचं नाही. हा मला जन्मात जमला नाही. पुणेकर बाईला तो जमावा अशी अपेक्षा करणंच चूक.

शिकवण्याच्या कामात मात्र मताला वाव होता. आमचे मराठी इंजिनियर विद्यार्थी म्हणून गुणी. तीनशे क्रियापदांची एक्सेल शीट करून आणतील, रंगीत रकाने करतील, आणि तोंड उघडायची वेळ आली की पाणी प्यायला जातील. त्यांतला एक मेक्सिकोला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मला फोन करून कुरकुरला. कॉन्ट्रॅक्टर 'आओरीता' म्हणाला होता. शब्दकोशात त्याचा अर्थ 'आत्ताच्या आत्ता', म्हणून हा हेल्मेट घालून उन्हात तीन तास उभा. मी त्याला विचारलं, तुझा मामा 'हा काय, निघालोच' म्हणतो तेव्हा तो कुठे असतो? तो म्हणाला, आंघोळीला जायचा असतो. म्हटलं, झालं तर मग, जा आणि सावलीत बस.

असली मंडळी सांभाळणं सोपं. व्याकरण सोपं, शिव्या त्याहून सोप्या. सगळ्यात अवघड काय असेल तर दुसऱ्याच्या भाषेतले लाड.

त्या लोकांची एक रीत आहे. माणूस जसा दिसतो तशी त्याला तोंडावर हाक मारायची. बारीक असला तर 'फ्लाको', म्हणजे सुकडा. जाड असला तर 'गोर्दो'. आणि रंगावरून तर विचारूच नका. गोरी, काळा, काळुली, दालचिनीच्या रंगाची. बायको नवऱ्याला चारचौघांत 'ए काळ्या' म्हणून बोलावते आणि तो विरघळतो. बाहेरून गेलेला माणूस पहिल्या आठवड्यात हे ऐकून एकतर भडकतो, नाहीतर आपणही तसंच बोलायला जातो. दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. सिंगापूरहून जाणाऱ्यांची तर पंचाईतच होते. इथे सरकारी फॉर्मवर आपला वंश लिहायला रकाना असतो, पण तोंडानं कुणी कुणाच्या रंगाचं नाव काढत नाही. तिथे फॉर्मवर काही नसलं तरी तोंडं भरभरून चालू असतात.

म्हणून मी एक पानाचं टिपण तयार केलं होतं. त्यात रंगाचे शब्द, ते कोणत्या देशात किती गोड आणि कुठे कडू, आणि खाली ठळक अक्षरांत तीन सूचना. रागावू नका. हसून घ्या. स्वतः वापरू नका. या पानाचा मला भारी अभिमान. इतर शिक्षक त्याच्या प्रती मागून न्यायचे आणि मी उगीच आढेवेढे घेऊन द्यायचे.

मराठी विद्यार्थ्यांना ते पान शिकवताना मजा यायची. 'त्रिगेन्या' हा शब्द आला की मी फळ्यावर गव्हाची ओंबी काढायचे. त्रिगो म्हणजे गहू, आणि त्रिगेन्या म्हणजे चक्क गव्हाळ! वर्गात एकच हशा. "मॅडम, म्हणजे स्थळाच्या बायोडेटातला गव्हाळ?" हो बाबा, तोच. काळं म्हणायचं नसलं की गव्हाच्या पोत्याआड लपायचं, ही युक्ती दोन्हीकडच्या लोकांना आपापली सुचली.

या बाबतीत आपण काही धुतल्या तांदळासारखे नाही, हे मला नीलिमाताईंनी शिकवलं. इथल्याच सेंगकांग भागातल्या या ताई नवऱ्याबरोबर मेक्सिकोला गेल्या आणि महिन्याभरात त्यांचा आनंदानं ओसंडणारा फोन आला. बाजारात भाजीवाले त्यांना 'ग्वेरा, ग्वेरा' म्हणून बोलावत होते. ग्वेरा म्हणजे गोरी. "इथल्या हवेनं उजळले असेन का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, असालही. तिथले भाजीवाले समोर येणाऱ्या यच्चयावत बाईला ग्वेरा म्हणतात, गिऱ्हाईक खूश करायला, हे मी त्यांना दोन वर्षं सांगितलं नाही. ताई कधी नव्हे ती रोज ताजी भाजी आणत होत्या, नवरा समाधानी होता, मी कशाला मध्ये पडू?

हे सगळं मी हसत हसत सांगतेय, कारण त्या दिवसांत मी खरंच हसत होते. माझ्या हसण्याला उतारा मिळाला तो अश्विनीकडून.

अश्विनी मूळची साताऱ्याची. पुण्यात केमिकल इंजिनियरिंग केलं आणि या गोष्टीच्या चार वर्षं आधी इथे एम्प्लॉयमेंट पासवर आली. सेंगकांगला एका फ्लॅटमध्ये खोली घेऊन राहायची, पहाटे उठून कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडला जायची. बोलणं मोजकं, काम चोख. तिची कंपनी कोलंबियाच्या समुद्रकाठच्या एका बंदरात नवा प्लांट उभारत होती. तिथल्या शिफ्टची प्रमुख म्हणून दोन वर्षांसाठी कुणाला पाठवायचं यावर बरीच ओढाताण झाली आणि नाव ठरलं अश्विनीचं. वय तीस, बाई, आणि हाताखाली चाळीस माणसं. तिच्या कंपनीत असं पहिल्यांदाच होत होतं. ही संधी तिनं कामाच्या जोरावर मिळवली होती, वशिल्यानं नाही, हे प्लांटमधला प्रत्येक जण सांगायचा.

माझ्या त्या तुकडीत सहा जण होते. त्यांतल्या दोघांबद्दल तुम्हाला सांगायला हवं. वेई मिंग हा सेफ्टी ऑफिसर, उंच आणि काटकुळा. फैझल हा टेक्निशियन, गोलमटोल आणि हसरा. कोलंबियाहून इथे शिकायला आलेल्या गटाचा म्होरक्या होता ओर्लान्दो. पन्नाशीचा, दारातून आत येताना दार भरून टाकणारा, रंगानं काळाकुळकुळीत आणि आवाजानं ढगासारखा. पुढे तिथे गेल्यावर अश्विनीला याच माणसाबरोबर रोज काम करायचं होतं.

दुसऱ्या तासाला मी माझा हुकमी खेळ घेतला. फळ्यावर ते सगळे शब्द, शिवाय स्वभावाचेही काही, लिहायचे आणि त्यांतून प्रत्येकाला एक स्पॅनिश नाव द्यायचं. लाजरीबुजरी माणसं मोकळी होतात, आणि तिथे गेल्यावर असल्या हाका ऐकून दचकत नाहीत. वेई मिंगला मी फ्लाको केलं. फैझलनं पोटावर हात फिरवून स्वतःच गोर्दो पत्करलं. अश्विनीपाशी आले, तिच्याकडे कौतुकानं पाहिलं आणि म्हटलं, "ही आमची नेग्रीता." काळुली. त्या किनाऱ्यावर याहून प्रेमळ हाक नाही, हेही सगळ्यांना समजावून सांगितलं. अश्विनी हसली. त्या दिवशी सरावासाठी ओर्लान्दोला पाहुणा म्हणून बोलावलं होतं, तो आल्यावर मी एकेकाची नव्या नावानं ओळख करून दिली. फ्लाको, गोर्दो, नेग्रीता. ओर्लान्दो गडगडाटी हसला आणि तास झकास रंगला. घरी जाऊन मी सुधीरला सगळं साग्रसंगीत ऐकवलं.

पुढच्या चार महिन्यांत नावं प्लांटभर झाली. कंट्रोल रूममध्ये वायरलेसवरसुद्धा 'नेग्रीता, नेग्रीता' ऐकू यायचं असं फैझल सांगायचा. मला वाटायचं, वा, शिकवलेलं मुरतंय.

निघायला तीन आठवडे राहिले असताना मिस लिमचा फोन आला. या कंपनीच्या एचआर मॅनेजर. अश्विनीनं नाव मागे घेतलं होतं, कारण 'वैयक्तिक'. शुक्रवारी यादी पक्की करून पाठवायची होती. या वेळी गेली नाही तर पुढे पुन्हा तिचा विचार होईलच असं नाही, हे मिस लिमनी आडपडदा न ठेवता सांगितलं. इथे वैयक्तिक म्हटलं की पुढे कुणी खोदून विचारत नाही. पण आम्ही दोघी एका भाषेच्या, तेव्हा मी बोलून पाहीन का? मी म्हटलं, न विचारता बोलणं हीच तर आमची खासियत.

रविवारी सकाळी मी अश्विनीला आमच्या ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, बोलावलं. टपरीवाल्या अंकलनं माझी कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणि तिचा चहा आणून ठेवला. मी मनात सगळ्या शक्यता मांडून आले होते. घरचे लग्नाचं बघत असतील. आईची तब्येत असेल. एखादा मुलगा असेल. प्रत्येकावर माझ्याकडे तोडगा तयार होता. तिनं सगळ्याला नाही म्हटलं, चहा ढवळत राहिली आणि शेवटी म्हणाली, की तिथे दोन वर्षं ते नाव ऐकत राहायची तिच्यात ताकद नाही.

मला अगदी हायसं वाटलं. एवढंच ना? हा तर माझा विषय! मी सरसावून बसले आणि माझं ते पान तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्यांच्याकडे तो लाड असतो, त्यात तुच्छता नसते, ओर्लान्दो स्वतःच्या आईला, बायकोला तसंच म्हणत असेल, तू शब्द मनाला लावून घेऊ नकोस.

"मॅडम, तुम्हाला वाटतंय मला तो शब्द कळला नाही," ती म्हणाली. "मला चांगला कळलाय. घरीसुद्धा सगळे प्रेमानंच म्हणतात."

मग ती हळूहळू बोलली. आजोळी तिचं नाव काळू. आत्या आली की गाल कुरवाळून म्हणायची, काळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे हो. कॉलेजच्या गॅदरिंगला मैत्रिणी फोटोत तिला मधोमध उभी करायच्या, म्हणजे आजूबाजूच्या उजळ दिसतात, आणि हेही हसत हसतच. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. म्हणून तिला कधी रागावता आलं नाही. रागावलं तर म्हणतील, अगं, प्रेमानं म्हणतोय ना. म्हणून ती हसायला शिकली, आणि माझ्या वर्गातही तशीच हसली, कारण माझ्या टिपणात तसंच छापलेलं होतं.

"इथे चार वर्षं मी नुसती अश्विनी होते, मॅडम. मला इतकं हलकं वाटायचं. प्लांटमध्ये माझ्यापेक्षा काळी माणसं आहेत, गोरी आहेत, कुणाला त्याचं पडलेलं नव्हतं. आणि मग तुमचा वर्ग सुरू झाला."

माझी कोपी निवून गेली. खरं सांगायचं तर शेवटचं वाक्य मी नीट ऐकलंच नाही. माझ्या डोक्यात ओर्लान्दो बसला होता. एवढा मोठा बाप्या, कळू नये का त्याला? मी अश्विनीला म्हटलं, तू काळजी करू नकोस, मी त्याला सरळ करते. ती काहीतरी सांगायला गेली आणि थांबली. पोरीला माझी भीडच वाटली असणार.

मंगळवारी गेटवर पास दाखवून मी जुरोंग आयलंडला गेले, कँटीनमध्ये ओर्लान्दोला गाठलं आणि उभ्या उभ्या अस्सल स्पॅनिशमध्ये त्याची हजेरी घेतली. परक्या देशात, कामाच्या जागी, आपल्या मुलीच्या वयाच्या इंजिनियरला रंगावरून हाक मारता, शोभतं का हे? दुभाष्याचे दोन्ही नियम मी एका दमात मोडले. माझं झालं तसं त्यानं ताट बाजूला सारलं आणि मला बसायला खुर्ची ओढून दिली.

"सेन्योरा," तो म्हणाला, "मी तिला इन्हेनिएरा म्हणत होतो."

इन्हेनिएरा, म्हणजे इंजिनियरबाई. माझ्या वर्गात येण्याआधी, प्लांटवर भेटल्या दिवसापासून, तो तसंच म्हणायचा. कारण त्याच्या आईला घरात सगळे नेग्रा म्हणत ते वेगळं, आणि ती ज्या घरी कामाला जायची तिथली मालकीण प्रेमानं नेग्रा म्हणायची ते वेगळं. हा फरक त्याला समजावून सांगायला माझ्या टिपणाची गरज नव्हती. ओळख नसलेल्या बाईला त्यानं आयुष्यात कधी त्या नावानं हाक मारली नव्हती. पण वर्गात तिच्याच देशातल्या, तिचीच भाषा बोलणाऱ्या, तिला वडील असलेल्या बाईनं तिची तशी ओळख करून दिली, आणि ती हसली. त्याला वाटलं, हे तिचं घरचंच नाव असणार, आणि तिनं ते आपल्यालाही वापरू दिलंय. त्यात मान आहे असं समजून तो इतके दिवस ती हाक मारत होता.

'स्वतः वापरू नका' असं मीच ठळक अक्षरांत छापलं होतं. पण ते विद्यार्थ्यांसाठी. मला भाषा येते, मला सूट. असं मी ठरवल्याचंही मला आठवत नाही, इतकं ते गृहीत होतं. आणि नाव देताना फळ्यावर डझनभर शब्द होते. 'हुशार' होता, 'शांत' होता, 'डोळेवाली' होता. माझी नजर गेली ती तिच्या कातडीवर. हे मला कोलंबियानं शिकवलं नाही. माझं मी पुण्याहून बरोबर घेऊन आले होते.

परतीच्या बसमध्ये मला माझाच फार राग आला. मी गोरी, घाऱ्या डोळ्यांची. माझं लग्न दुसऱ्या स्थळाला ठरलं. रंगावरून हाक मारली तर हसून घ्यायचं, हे मी वीस वर्षं लोकांना शिकवत आले, आणि मला स्वतःला तसं हसायची वेळ एकदाही आलेली नाही. ओर्लान्दोच्या गावची माणसं मला 'मोना' म्हणतात, म्हणजे गोरी, आणि मी नीलिमाताईंइतकीच सुखावते. त्या पानाच्या किती प्रती गेल्या असतील आणि किती जण माझ्यासमोर नुसतेच हसले असतील, याचा पत्ता आता लागायचा नाही. ही खंत आहे आणि ती राहणार.

घरी येऊन सुधीरला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तो थट्टा करेल. तो म्हणाला, "तिला सांग मग हे. मला सांगून काय उपयोग?"

चूक वर्गात केली होती, तेव्हा कबूलही वर्गातच करायला हवी होती. पण पुन्हा तिला न विचारता तिला सगळ्यांसमोर उभं करणं म्हणजे त्याच खड्ड्यात दुसरा पाय. म्हणून अश्विनीला मेसेज केला. ओर्लान्दोशी बोलले, चूक त्याची नाही, माझी आहे, हे गुरुवारी सगळ्यांसमोर बोलले तर चालेल का? तासाभरानं उत्तर आलं, "चालेल. पण थोडक्यात." चार महिन्यांत पोरीनं मला बरोबर ओळखलं होतं.

गुरुवारी शेवटचा तास होता. ओर्लान्दोलाही बोलावलं होतं. मी खुर्चीत न बसता उभी राहिले आणि आधी इंग्रजीत, मग स्पॅनिशमध्ये सांगितलं, की दुसऱ्या तासाला मी अश्विनीला तिच्या रंगावरून नाव दिलं, तिला विचारलं नाही, आणि ती हसली ते माझ्या वयाला आणि माझ्या टिपणाला मान देऊन. ते नाव मी परत घेते, आणि माफी मागते. पुढचं वाक्य जिभेवर आलं होतं, पण अश्विनीचं 'थोडक्यात' आठवलं आणि मी थांबले.

मग फैझलनं हात वर केला, शाळेत करतात तसा. म्हणाला, "टीचर, मला पण गोर्दो काही एवढं आवडत नव्हतं, पण नेव्हर माइंड लाह." वर्ग हसला, मीही हसले, आणि हसता हसता त्याचीही माफी मागितली. वेई मिंगनं मात्र फ्लाको स्वतःकडे ठेवून घेतलं. त्याच्या बायकोला ते फार आवडलंय म्हणे.

ओर्लान्दो उठून अश्विनीसमोर जाऊन उभा राहिला. एवढा मोठा माणूस, हात मागे बांधून. त्यानं हळूच विचारलं, तुम्हाला काय म्हणू? माझ्या तीस तासांच्या शिकवणीतलं एकही क्रियापद न चुकवता ती म्हणाली, "माझं नाव अश्विनी आहे. ते जमेपर्यंत इन्हेनिएरा म्हणा." त्यानं तिथेच सराव सुरू केला. 'श' काही केल्या येईना. अस्विनी, अस्विनी. तिनं त्याला तीन वेळा म्हणायला लावलं, चौथ्या वेळी बरं म्हणाली आणि बॅग उचलून बस पकडायला गेली. जाणार की नाही, त्याबद्दल अवाक्षर नाही. मला विचारायचा हक्क नव्हता आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं. शुक्रवारचा दिवस मी कपाट आवरण्यात घालवला. दुपारी चारला मिस लिमचा मेसेज आला, यादी गेली, अश्विनीचं नाव पहिलं आहे.

निघायच्या दिवशी तिला सोडायला मी आणि सुधीर चांगी विमानतळावर गेलो. तिचं इथे दुसरं कोण होतं? सुधीर ट्रॉली ढकलत होता, मी तिसऱ्यांदा पासपोर्ट विचारत होते. तेवढ्यात साताऱ्याहून व्हिडिओ कॉल आला. आई, वडील, मागे काकू, कुणाकुणाची डोकी. आईचे डोळे भरलेले. पोरगी पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला निघालेली, आईच्या जिवाची काय घालमेल होत असेल, मला समजत होतं. आई म्हणाली, "काळे, जपून जा गं बाई. वेळेवर जेवत जा."

अश्विनीनं फोन जरा जवळ धरला.

"आई, आजपासून मला नावानं हाक मार. ते दुसरं नको. मला त्रास होतो त्याचा, लहानपणापासून."

काकू काहीतरी म्हणायला लागली, अगं प्रेमानं, तर आईनं हात वर करून तिला थांबवलं. आई पडद्याकडे बघत राहिली. तिला रडू येत होतं ते कशाचं, निरोपाचं की दुसऱ्या कशाचं, मला सांगता येणार नाही. पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "आधी का नाही बोललीस?"

"बोलता येत नव्हतं," अश्विनी म्हणाली.

"बरं," आई म्हणाली. "अश्विनी, पोचलीस की कळव."